शिवेवरची चूल

"दोरी ताणून धरा रे!" सर्कलसाहेबांनी आरोळी दिली आणि आमच्या सासूबाईंच्या घरात सरकारची दोरी शिरली.

बाजूच्या खिडकीतून ती आत आली, माजघरातल्या जात्यावरून गेली आणि पलीकडच्या झरोक्यातून गोठ्यात निघाली. गोठ्यात गाय आडवी बसली होती. तिचं तोंड सावरदऱ्यात राहिलं आणि शेपूट उंबरमाळात गेलं. दोरी धरणारा शिपाई गाईला उठवायला बघत होता, गाय उठत नव्हती, आणि मी पदराचा बोळा तोंडात धरून हसू दाबत होते.

"म्हातारे," सर्कलसाहेब सासूबाईंना म्हणाले, "तुझं घर दोन्ही गावांत येतंय. तू कुठल्या गावात राहणार?"

"मी हितंच ऱ्हानार."

"अगं, पण इथं म्हणजे कुठं?"

"हितं म्हंजी हितं. दुसरीकडं कुठं जाऊ ह्या वयात?"

साहेबांनी घाम पुसला, घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "चूल कुठं आहे?"

चूल दोरीच्या अलीकडं होती, पुढच्या खणात, म्हणजे सावरदऱ्याच्या अंगाला.

"मग झालं. जिकडं चूल तिकडं घर. चूल हलवलीस तर कळव." असं म्हणून साहेब चहा पिऊन, दोरी गुंडाळून निघून गेले. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, जात्यावरची धूळ पदरानं पुसली आणि काही झालंच नाही अशा दळायला बसल्या.

माझं लग्न होऊन तेव्हा चारेक पावसाळे झाले होते. मला पहिल्यापासून नको तिथं नाक खुपसायची खोड. माझी आई म्हणायची, वच्छीला सासरी पाठवली की निदान आपल्या घरातली भांडी तरी झाकलेली राहतील. त्यामुळं त्या दोरीनं माझी झोप उडाली यात नवल नव्हतं. आत्या कुणाच्या बाजूच्या, हे मला शोधून काढायचं होतं.

उंबरमाळ ही तोवर सावरदऱ्याची वाडी होती, ओढ्याच्या पलीकडची. रेशनचं दुकान सावरदऱ्यात, शाळा सावरदऱ्यात, दवाखाना सावरदऱ्यात. पावसाळ्यात ओढा चढला की वाडीची पोरं घरी आणि बाळंतिणी देवाच्या भरवशावर. माझ्या पहिल्या बाळंतपणात सुईण ओढ्याच्या त्या काठावर उभी राहून हातवारे करत होती आणि मी इकडं ओरडत होते. पोरगी जगली, पण तेव्हापासून आमच्या मालकांनी, म्हणजे सर्जेरावांनी, मनावर घेतलं. कचेरीचे उंबरे झिजवले आणि उंबरमाळ वेगळं गाव करून आणलं. जुन्या ओढ्याचं पात्र ही शीव ठरली. ओढा कधीकाळी पुरात सावरदऱ्याकडं सरकला होता आणि त्याच्या जुन्या पात्रावर आमच्या सासऱ्यांनी घर बांधलं होतं. आता ही गोष्ट कचेरीतल्या नकाशाला कशी ठाऊक असणार?

गंमत अशी, की सावरदऱ्याचे सरपंच होते रंगराव, माझे थोरले दीर. आत्यांचा एक लेक जुन्या गावाचा कारभारी, दुसरा नव्या गावाचा, आणि आत्या दोघांच्या मधोमध, एकट्या. थोरल्या भावजींनी चावडीजवळ कौलारू घर बांधलं होतं, पण आत्या त्यात राहायला गेल्या नव्हत्या. आमच्याकडंही आल्या नव्हत्या. आमचं घर त्यांच्या परसदारापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण ते परसदार बंद होतं. आम्ही वेगळे निघालो त्या दिवसापासून आतून कडी आणि कडीवर शेणींची रास.

त्या दिवसाचं मला फार लागलं होतं. माझ्या माहेराकडं सून वेगळी निघाली की सासू स्वतः खापरात विस्तव घेऊन तिच्या दारात येते. जुन्या चुलीतला निखारा नव्या चुलीत पडला की घर लागलं असं धरतात. मी नवी चूल सारवून, शेणकाडी रचून दिवसभर त्या परसदाराकडं बघत बसले होते. दार उघडलं नाही. दिवस मावळताना मी काडी ओढून चूल पेटवली आणि पहिल्या भाकरीबरोबर रडून घेतलं. पुढं आम्ही एकमेकींशी बोलत होतो, सणावाराला मी पुढच्या दारानं जात होते, पण तो सल काही गेला नाही.

सर्कलसाहेब गेले आणि मी दुसऱ्याच दिवशी आत्यांकडं गेले. आत्या पुढच्या खणात चुलीपुढं बसून वांगं भाजत होत्या.

"आत्या, चूल मागच्या खणात घ्या की. धूर पण इकडं कोंडत न्हाई."

"कोंडू दे."

"तिकडं घेतली तर आमच्यातल्या व्हाल. लेकाच्या गावातल्या."

"रंगा काय वाटंवर सापडलाय व्हय?"

"तसं न्हाई. पण भावजी आमचं नवं गाव मोडाय बघत्यात."

आत्यांनी वांगं उलटलं. "चूल जागची हलायची न्हाई, वच्छे. शिमगा हू दे, मग बघू."

"शिमग्यानंतरच का?"

"लई इचारतीस बघ तू," त्या म्हणाल्या आणि वांग्याची साल सोलायला लागल्या. मला चटका बसल्यासारखं झालं. थोरल्याच्याच बाजूच्या या, असं मनाशी ठरवून मी उठले.

शिमग्याचं आमच्याकडं वेगळंच त्रांगडं होऊन बसलं होतं. वाडीची स्वतःची होळी कधी नव्हतीच. सगळे सावरदऱ्याच्या होळीला जायचे. आता गाव झालं, तर गावाला होळी पाहिजे. मालकांनी देवळापुढं एरंड रोवायचं ठरवलं, पोरांनी लाकडं जमवली. तेव्हा वाडीतले सगळ्यांत वडीलधारे गणूबापू काठी टेकत आले.

"सर्जा, लाकडं जमवलीस, बेस केलंस. पेटवनार कशानं?"

"काडीनं, आनि कशानं?"

"काडीनं पेटती ती शेकोटी. जुन्या गावच्या होळीचा इस्तू यावा लागतो, तवा ती होळी. मागून आनलेला पायजे, चोरून न्हाई. माझ्या आज्याच्या वक्ताला धनगरवस्ती येगळी झाली, तवा सावरदऱ्यानं वाजतगाजत इस्तू दिलाय."

मालक हसले, पण बाकीचे हसले नाहीत. कागदावर शिक्का बसला म्हणून गाव झालं, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी गणूबापूच भावजींकडं जाऊन आले. परत आले ते तोंड पाडून.

"काय म्हनला रंगराव?"

"म्हनला, कलेक्टराकडं अर्ज कराय वाट सापडली, मला इचाराय सापडली न्हाई. आता इस्तूबी कलेक्टराकडनंच आना."

एवढ्यावर भागलं नाही. नव्या गावाविरुद्ध हरकती घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. भावजींनी निरोप धाडला, की वाडीतल्या ज्यांना होळीला यायचं त्यांनी नेहमीसारखं खुशाल यावं, पोळी खावी आणि जाताना हरकतीवर अंगठा करून जावं. झालं, वाडीत कुजबूज सुरू झाली. होळीविना शिमगा कसा करायचा? पोराबाळांच्या कपाळाला कुठली राख लावायची? निम्मी घरं आतून डळमळली. मालक दिवसभर दारोदार फिरून यायचे आणि रात्री भाकरी चिवडत बसायचे. सुईण ओढ्याच्या पलीकडं उभी आहे हे मला पुन्हा दिसायला लागलं. मला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. या पावसाळ्याआधी गावाला वाट, दवाखान्याची नर्स, काहीतरी मिळणार होतं ते सगळं एका होळीवर अडलं होतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी मळ्यातून येताना आत्यांच्या घराच्या मागनं आले. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज येत होता. मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत्या शेणी उचलत होत्या. परसदारामागची सगळी रास, एकेक शेणी उचलून, पलीकडच्या कोपऱ्यात रचत होत्या. एकट्या, कंबर धरत.

मी पळत घरी आले. "अवो, आत्या परसदार मोकळं करत्यात!"

"होळीला शेणी देत आसंल," मालक म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं.

"होळीला द्यायच्या तर पुढच्या दारात न्हाई का नेनार? त्या कोपऱ्यात रचत्यात."

"वच्छे, माझं डोकं खाऊ नगंस."

पण ते दार काही डोक्यातून गेलं नाही. राग असला म्हणून काय झालं? बंद दार कुणी मोकळं करायला लागलं तर ते का करतंय हे कळायला नको?

शिमग्याचा दिवस मावळायला आला. आमच्या देवळापुढं एरंड उभा होता, भोवती लाकडं, गोवऱ्या, सगळं रचलेलं. मी घमेल्यातून शेणी नेऊन टाकल्या आणि रिकामं घमेलं काखेत घेऊन उभी राहिले. पोळ्यांची ताटं झाकून बायका बसल्या होत्या. पलीकडून सावरदऱ्याची बोंब ऐकू आली. त्यांची होळी पेटली होती. आमच्यातलं एक घर हळूच उठलं आणि ताट घेऊन ओढ्याच्या वाटेला लागलं. मग दुसरं.

"जाऊ दे त्यांस्नी," मालक म्हणाले. त्यांच्या खिशात काडेपेटी होती. ते ती बाहेर काढत होते आणि पुन्हा ठेवत होते.

"वाटंवर रंगरावानं दोन गडी बसवल्यात," गणूबापू म्हणाले. "शिवंच्या दगडाजवळ. इकडं ठिनगी येऊ द्यायची न्हाई म्हनून."

हे ऐकलं आणि मला एकदम ती दोरी आठवली. शिवेच्या दगडाजवळ गडी बसले होते, पण शीव काय फक्त दगडाजवळ होती? ती जात्यावरून गेली होती. गाईच्या पाठीवरून गेली होती. मी घमेलं घेऊन निघाले. मालकांनी हाक मारली, पण मी थांबले नाही.

परसदार उघडं होतं. आम्ही वेगळे निघाल्यापासून मी ते उघडं बघितलं नव्हतं. आत, माजघरात, आत्या जात्याजवळ उभ्या होत्या. पुढच्या खणातली चूल धगधगत होती. सावरदऱ्यात होळी पेटली की ज्याची चूल गावात त्या प्रत्येक घराला होळीचा विस्तव मिळायचा, त्यावर दुसऱ्या दिवशीचं पाणी तापवायचे. आत्यांची चूल सावरदऱ्यात होती. सरकारनंच तसं लिहून घेतलं होतं. सावरदऱ्याचा गडी नेहमीप्रमाणं त्यांच्या खापरात विस्तव घालून गेला होता आणि तो त्यांनी चुलीत घातला होता. चूल मागं घेतली असती, तर या घरात आज ठिणगी आली नसती. शिमगा होऊ दे म्हणजे काय, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी घमेलं पुढं केलं. आत्या हलल्या नाहीत. हातात चिमटा, पण हलल्या नाहीत.

"काय पायजे?" त्या म्हणाल्या.

दिसत नव्हतं का काय पाहिजे? माझ्या जिभेवर आलंच होतं. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि शब्द गिळले. त्या चेष्टा करत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

"आत्या, इस्तू द्या."

"कशाला?"

"आमच्या होळीला. आमच्या गावाला."

त्या लगेच चुलीकडं वळल्या. चांगले फुललेले निखारे एकेक करून घमेल्यात टाकायला लागल्या. तेवढ्यात पुढच्या दारात थोरले भावजी उभे राहिले. आईला पोळी द्यायला आले होते, हातात झाकलेलं ताट होतं. त्यांनी उघडं परसदार बघितलं, माझ्या हातातलं घमेलं बघितलं.

"आये! गावचा इस्तू शिवंभाईर देतीस?"

"गावचा कुठला? माझ्या चुलीतला हाय."

"मी गडी बसवल्यात तिकडं. सगळ्या गावाम्होरं सांगितलंय मी, इस्तू जायचा न्हाई म्हनून. माझं तोंड काय ऱ्हाईल?"

"सुनंला इस्तू द्याय मला तुज्या पंचायतीचा ठराव लागतो व्हय रं?"

"त्यांनी मला इचारलं व्हतं का? सख्खा भाऊ माझा! गाव मोडतोय आनि मला कचेरीतनं कळतंय!" भावजींचा आवाज फाटला.

"न्हाई इचारलं. चुकलं त्याचं," आत्या म्हणाल्या. "त्याला मागायची लाज, तुला द्यायची लाज. दोघंबी बापावर गेलायसा. तिनं मागितलंय बघ. आता मी न्हाई म्हनू?"

भावजी माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. मागच्या दारातून वारा सुटला होता. घमेल्यातले निखारे वरून पांढरे पडायला लागले होते. मला जायचं होतं, पण थोरल्या दिरांपुढून पाठ फिरवून कशी जाणार?

भावजींनी ताट जात्यावर ठेवलं. चुलीपाशी आले, वाकले आणि ओंजळभर राख घेऊन त्या निखाऱ्यांवर पसरली.

"उघडा नेलास तर वाऱ्यानं वाटंतच इझंल," ते म्हणाले. "घमेलं पदराखाली धर. आनि बिगीनं जा."

मी कशी गेले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की देवळापुढं मी घमेलं खाली ठेवलं तेव्हा मालकांना खरंच वाटेना. गणूबापूंनी राख बाजूला केली, खाली निखारे लालभडक होते. एरंड पेटला. आमच्या लोकांनी अशी बोंब ठोकली की गाई बिथरल्या, आणि थोड्या वेळानं ओढ्यापलीकडून सावरदऱ्याची बोंब उत्तराला आली. गेलेली दोन्ही घरं ताटं घेऊन वाटेवरून परत फिरली. त्या वर्षी हरकतीवर वाडीतला एकही अंगठा पडला नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर माझा मुलगा झाला तेव्हा नर्सबाई आमच्याच गावात मुक्कामाला होत्या.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. धुळवडीच्या सकाळी मालक भावजींकडं गेले. काय बोलले मला ठाऊक नाही, दोघंही कधी सांगत नाहीत. मी आत्यांकडं गेले, परसदारानं. त्या जात्याला टेकून बसल्या होत्या. शेणी उचलून कंबर धरली होती. मी कंबर चोळायला बसले आणि इतक्या वर्षांचं विचारून टाकलं.

"आत्या, गावाला दिला. मग मी येगळी निघाले तवा मला का न्हाई दिला?"

आत्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तू मागाय कुठं आलीस?"

"मागायचा? आमच्याकडं सासू घिऊन येती."

"व्हय?" त्या म्हणाल्या. "आमच्यात सुनंनं मागायचा आसतो. न मागता दिला तर सून घरातनं हाकलली आसं व्हतं. मी तुला हाकलू?"

माझा हात थांबला.

"दिसभर जाळ मोडू दिला न्हाई मी," आत्या सांगत होत्या. "आता येशील, मग येशील. परसदार लोटून ठिवलं व्हतं, कडी न्हवती. तुज्या घरातनं धूर निघाला तवा रंगानं कडी घातली."

मी त्या दारापलीकडं बसले होते आणि त्या अलीकडं. दोघी दिवसभर एकाच दाराकडं बघत.

"मग आता चूल मागच्या खणात घ्यायची का?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"नगं. म्होरल्या साली इस्तू कुनाकडं मागशील?"

मी उठले. चुलीत कालच्या विस्तवावर राख धरली होती. ती फुंकून बाजूला केली, दोन काटक्या घातल्या आणि आमच्या दोघींसाठी पाणी तापत ठेवलं.